थकलेले भाडे, बंद घर आणि कायदा

गिरगाव-परळच्या चाळींत किंवा पुण्याच्या पेठांतील जुन्या वाड्यांत वर्षानुवर्षे कुलूप लागलेल्या खोल्या हमखास आढळतात. भाडेकरूने उपनगरात स्वतःचे घर घेतलेले असते, मुले परगावी स्थायिक झालेली असतात. परंतु पुनर्विकासात हक्काची जागा मिळेल या आशेने जुनी खोली सोडवत नाही. घरमालकाच्या हाती नाममात्र भाडे पडते आणि पुष्कळदा तेही थकलेले असते. भाडे नाही, माणूस नाही, मग कुलूप तोडून ताबा का घेऊ नये, असा त्याचा सवाल असतो. उलट, मालक मुद्दाम भाडे स्वीकारत नाही आणि उद्या थकबाकीदार ठरवून बाहेर काढेल, ही भाडेकरूची धास्ती असते. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ३१ मार्च २००० पासून अंमलात असलेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये सापडतात.

प्रथम थकबाकीविषयी. भाडेकरू प्रमाणित भाडे व कायद्याने मान्य केलेली वाढ देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तर केवळ भाड्याच्या कारणावरून त्याच्याकडून ताबा घेता येत नाही, असे कलम १५ सांगते. भाडे थकले, तरी मालकाला थेट दावा लावता येत नाही. आधी थकबाकीची लेखी मागणी करणारी नोटीस बजावावी लागते आणि त्यानंतर ९० दिवस थांबावे लागते. या मुदतीत भाडे न आल्यासच दावा दाखल होऊ शकतो.

भाडेकरूला यानंतरही एक संधी आहे. दाव्याचे समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत संपूर्ण थकबाकी दरसाल १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढे दाव्याचा निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरले आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्चही दिला, तर थकबाकीच्या कारणावरून ताब्याचा हुकूमनामा होत नाही. मात्र एकदा पैसे भरून स्वस्थ बसणाऱ्या भाडेकरूला हे संरक्षण गमवावे लागते. मालकानेही वेळेचे भान ठेवावे. थकलेल्या भाड्याच्या वसुलीसाठी मुदतीच्या कायद्यानुसार तीन वर्षांचीच मर्यादा आहे.

आता बंद घराविषयी. जागा ज्या कारणासाठी भाड्याने दिली, त्या कारणासाठी तिचा वापर दावा दाखल करण्याच्या लगतपूर्वीचे सलग सहा महिने वाजवी कारणाशिवाय झालेला नसेल, तर कलम १६(१)(एन) खाली मालक ताबा मागू शकतो. हे कारण स्वतंत्र आहे. भाडे वेळेवर येत असले तरीही ते लागू पडते. भाडे भरतो म्हणजे खोली सुरक्षित, हा अनेक भाडेकरूंचा समज म्हणूनच चुकीचा आहे.

यात ‘वाजवी कारण’ हे शब्द कळीचे ठरतात. दीर्घ आजारपण, इमारतीची धोकादायक अवस्था किंवा तात्पुरती बदली अशा कारणांचा विचार न्यायालय प्रत्येक प्रकरणातील वस्तुस्थिती पाहून करते. वापर नसल्याचे मालकाला पुराव्याने दाखवावे लागते. वीजवापराची देयके, शेजाऱ्यांची साक्ष, परत आलेली टपाले, भाडेकरूच्या अन्य पत्त्यावरील शिधापत्रिका यांना अशा वेळी महत्त्व येते. महिन्यातून एकदा येऊन झाडलोट केली म्हणजे वास्तव्य सिद्ध होतेच असे नाही.

भाडेकरूचा ठावठिकाणाच नसेल तर? नोटीस टपालाने पाठवता येते किंवा घरातील माणसांकडे देता येते. तेही शक्य नसल्यास जागेच्या दर्शनी भागावर चिकटवता येते. दाव्याचे समन्सही नेहमीच्या मार्गाने बजावता आले नाही, तर न्यायालयाच्या परवानगीने अखेरच्या ज्ञात पत्त्यावर लावता येते किंवा त्या भागातील दैनिकात प्रसिद्ध करता येते.

परंतु स्वतः कुलूप तोडण्याचा मोह मालकाने कटाक्षाने टाळावा. कायदेशीर मार्ग सोडून ज्याचा ताबा हिरावला गेला, त्याला विशिष्ट अनुतोष अधिनियम, १९६३ च्या कलम ६ खाली सहा महिन्यांत दावा लावून ताबा परत मिळवता येतो आणि त्या दाव्यात मालकी हा बचाव ठरत नाही. पाणी किंवा वीज तोडणे हाही भाडे नियंत्रण कायद्याखाली गुन्हा आहे. हुकूमनाम्यानंतर न्यायालयाचा बेलिफ येतो. गरज पडल्यास कुलूप तोडण्याचा अधिकार त्याला आहे. खोलीतील सामानाचा पंचनामा करून घेणे दोघांच्याही हिताचे असते.

असे दावे मुंबईत लघुवाद न्यायालयात चालतात. ‘लिव्ह अँड लायसन्स’वर दिलेल्या राहत्या घरांसाठी मार्ग वेगळा आहे. मुदत संपूनही जागा न सोडल्यास कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि ताबा मिळेपर्यंत दुप्पट दराने भरपाई मागता येते. मात्र त्यासाठी लेखी व नोंदणीकृत करार हवा. नोंदणीची जबाबदारी कलम ५५ ने मालकावरच टाकली आहे.

भाडेकरूने प्रत्येक भाड्याची पावती मागावी. ती देणे मालकावर बंधनकारक आहे. मालक भाडे नाकारत असेल, तर बँकेमार्फत किंवा पोच मिळेल अशा टपालाने धनादेश पाठवून पुरावा जपावा. काही काळ बाहेर राहावे लागणार असेल, तर कारण व परतीचा अंदाज मालकाला लेखी कळवावा.

दाव्यांना लागणारा काळ पाहता तडजोडीचा विचारही अवश्य व्हावा. भाडेकरूला खोलीची गरज उरली नसेल, तर ताबा सोडल्याचा लेखी दस्त, ठरलेली रक्कम आणि थकबाकीचा हिशेब एकाच वेळी पूर्ण करावा. दावा सुरू असल्यास लोकअदालतीत झालेल्या तडजोडीला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ मिळते आणि तिच्यावर अपील होत नाही. अनेक वर्षे बंद राहिलेली खोली मालकाला उत्पन्न देत नाही, भाडेकरूला निवारा देत नाही आणि देखभालीअभावी शेजाऱ्यांच्या भिंतीही ओलावते. म्हणून पहिली नोटीस पाठवण्याआधी किंवा ती हाती पडताच दोन्ही पक्षांनी कागदपत्रे घेऊन एकदा जाणकार वकिलाकडे जावे, हे उत्तम.