जुनं तेवढं सोनं?

"आजोबांचा १८६२ चा राणीछाप रुपया आहे, किती येतील?" असं होस्टेलवर मला दर सेमिस्टरला कुणीतरी विचारतंच. उत्तर ऐकून चेहरा पडतो! गंमत अशी की, टांकसाळींनी १८६२ हेच साल कोरून तो रुपया १८७४ पर्यंत पाडला. त्यामुळे गावोगावच्या पेट्यांत तो आजही निघतो, आणि साध्या नाण्याला चांदीच्या भावापेक्षा फार मिळत नाही.

बरं, दुर्मिळ असलं की झालं, असंही नाही. आमच्या मेसचं एक जुनं कूपन माझ्याकडे आहे. जगात दुसरं नसेल. घेतं का कुणी दोन रुपयांना? भाव चढायला ती वस्तू हवीच असलेले निदान दोघं लागतात. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया महाग, कारण तो थोडाच सापडतो आणि सालवार संच पुरा करणाऱ्यांचं त्याच्यावाचून अडतं. (आणि हो, नाणं चिंचेनं घासू नका, असलेला भावही उतरतो.)

"नाण्याचे लाख देतो, आधी कमिशन भरा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. आपल्या नावानं असे पैसे मागणाऱ्यांशी आपला संबंध नाही, असं रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केलंय. विकायचंच असेल तर नाण्यांच्या प्रदर्शनात दोन-तीन जणांना दाखवा, मगच बोला.