उसळत्या पटावरील व्यायाम

ताथवड्याच्या शिवारांत आज उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत, व त्यांत राहणाऱ्या पुष्कळ स्त्रीपुरुषांचा दिवस बैठ्या कामांत सरतो. अशा लोकांकरितां छोट्या ट्रॅम्पोलिनवर तालबद्ध उड्या मारण्याचे वर्ग अलीकडे शहरोशहरीं निघूं लागले आहेत. हा खरा व्यायाम कीं नुसता खेळ, असा प्रश्न पालकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर हृदयाच्या ठोक्यांवरून मिळतें.

हृदयाची कमाल गति काढण्याची स्थूल रीत अशी कीं, २२० मधून वय वजा करावें. चाळीस वर्षांच्या मनुष्यास ती दर मिनिटास १८० येते. तिच्या शेंकडा ६४ ते ७६ पर्यंत गति चढली तर व्यायाम मध्यम, व त्याहून अधिक चढली तर जोमाचा समजतात. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ला क्रॉस येथील शाखेंत २४ विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग सन २०१६ मध्यें प्रसिद्ध झाला. एकोणीस मिनिटांच्या उड्यांत त्यांची हृदयगति सरासरी शेंकडा ७९ भरली. श्रम मात्र त्यांस हलकेच वाटले.

असें कां व्हावें? कठीण भुईवर पाय आपटला म्हणजे देहाचा वेग एकदम थांबतो. ताणलेला पट वांकत वांकत तोच वेग सावकाश थांबवितो. म्हणून सांध्यांस हिसका कमी बसतो. परंतु मांड्यांचे व पोटाचे स्नायु सतत राबत असल्यामुळें त्यांची प्राणवायूची मागणी कमी होत नाहीं.

तेव्हां मनाच्या साक्षीवर न विसंबतां नाडी पाहावी. पंधरा सेकंद ठोके मोजून चारांनीं गुणावें. चाळिशीच्या मनुष्याचे ३६ ठोके भरले, तर गति १४४ झाली. हा व्यायाम जोमाचा होय. बोलतां येतें पण गातां येत नाहीं, तो मध्यम. चार शब्दांतच दम लागतो, तो जोमाचा, ही दुसरी खूण.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२० मध्यें प्रौढांस आठवड्याला निदान १५० मिनिटें मध्यम किंवा ७५ मिनिटें जोमाचा व्यायाम सांगितला आहे. मुलांस रोज सरासरी ६० मिनिटें. अशा एकोणीस मिनिटांच्या चार खेपांनीं प्रौढांचा हा हिशेब पुरा होतो. मात्र हृदयविकार, गुडघेदुखी किंवा तोल जाण्याची खोड असल्यास आधीं वैद्याचा सल्ला घ्यावा, व एका पटावर एका वेळीं एकानेंच चढावें.

वर्गाची फी ज्यांस झेपत नाहीं, त्यांनीं खिन्न होऊं नये. दोरीवरच्या उड्या व झपझप चालणें यांनींही नाडी चढते. हृदय साधनाची किंमत विचारीत नाहीं. तें नियमित श्रम तेवढे ओळखतें.