उतारावरची विद्युत गोल्फ कार्ट : वेग, ब्रेक आणि मागची चाके

गोल्फ कार्ट ही गाडी मुळात मैदानासाठी बनली. दोन खेळाडू आणि त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या हिरवळीवरून न्यायच्या, एवढेच तिचे काम. पुढे तिला चार, सहा आसने आली आणि ती विद्यापीठांची आवारे, रुग्णालये, पर्यटनस्थळे इथे फिरू लागली. आता ती डोंगरावरही दिसते. वैष्णोदेवीच्या यात्रेत अर्धकुवारी ते भवन या टप्प्यात वृद्ध आणि आजारी यात्रेकरूंना नेणाऱ्या बॅटरी गाड्या याच कुळातल्या आहेत. सपाटीवर ही गाडी इतकी गरीब वाटते की तिची चावी कोणाच्याही हाती दिली जाते. चढ-उतारावर मात्र तिचे गणित बदलते. कसे, ते एका उदाहरणावरून पाहू.

प्रवाशांसह ८०० किलोग्रॅम वस्तुमानाची चार आसनी गाडी घेऊ. उतार ८ ला १, म्हणजे सुमारे ७ अंश. इंडियन रोड्स काँग्रेसच्या निकषांत डोंगराळ भागातील रस्त्याचा नेहमीचा चढ २० ला १ आणि अपवादात्मक ठिकाणी सुमारे १४ ला १ असतो. मग ८ ला १ कुठून आला? पायवाटेवर काँक्रीट ओतून जिथे कार्टचा रस्ता केला जातो, तिथे असा चढ सहज सापडतो. आपल्या आवारातला एखादा रॅम्प मोजून पाहा.

चढाचा भाग सोपा आहे. या उतारावर गुरुत्वाकर्षणाचा खाली ओढणारा घटक सुमारे ९७० न्यूटन येतो. रोलिंग रेझिस्टन्सचे १६० न्यूटन मिळवले, तर ताशी १० किलोमीटर वेगाने चढायला जवळजवळ ३.१ किलोवॅट शक्ती लागते. बॅटरी ४८ व्होल्टची आणि एकूण कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर प्रवाह ८५ अँपिअरच्या पुढे जातो. सपाटीवर दुप्पट वेगाने जातानाही तो २५ अँपिअरच्या आसपास असतो. म्हणून लांब चढावर मोटर आणि केबल तापतात. चढावर थांबायचे असेल तर ब्रेक दाबूनच थांबावे. ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी जागच्या जागी तोलून धरण्याची सवय फार वाईट. मोटर फिरत नसल्याने बॅक ईएमएफ शून्य असतो आणि आलेल्या सगळ्या ऊर्जेची उष्णता होते. ब्रशच्या मोटरमध्ये तर कम्युटेटर एकाच जागी जळतो.

खरा धोका उतरताना आहे. ९७० न्यूटनमधून रोलिंग रेझिस्टन्स वजा केला तर ८१० न्यूटन उरतात, म्हणजे त्वरण जवळपास १ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी मोकळी सुटली तर १० सेकंदांत तिचा वेग ताशी ३६ किलोमीटर होतो. अमेरिकेतील मानकानुसार गोल्फ कारचा सपाटीवरील कमाल वेग ताशी १५ मैल, म्हणजे सुमारे २४ किलोमीटर असतो. गाडी त्या वेगासाठी बनलेली असते, ३६ साठी नव्हे.

पेट्रोल गाडीत आपण खालचा गिअर टाकतो आणि इंजिन वेग आवरते. कार्टमध्ये गिअर नसतात, त्यामुळे वेग कोण आवरणार हे मोटरच्या प्रकारावर ठरते. जुन्या गाड्यांत सिरीज डीसी मोटर असते. पाय उचलला की प्रवाह थांबतो, प्रवाहाबरोबर चुंबकीय क्षेत्रही जाते आणि मोटर नुसती फिरत राहते. रोध जवळजवळ नाहीच. सेपरेटली एक्सायटेड किंवा एसी मोटर असेल तर कंट्रोलर तिला जनित्रासारखी चालवतो, ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि गाडी बांधलेल्या वेगाने उतरते. हे रिजनरेटिव्ह ब्रेकिंग. नवी गाडी हाती आली की आधी सौम्य, मोकळ्या उतारावर पाय उचलून बघावे: वेग वाढतो की टिकतो?

टिकतो असे दिसले तरी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. चार्ज वाचवण्यासाठी उतारावर न्यूट्रल करणारे चालक मी पाहिले आहेत. न्यूट्रल केले की मोटरचा आधारच जातो, आणि चार्ज तर याच आधारामुळे परत मिळत होता. दुसरी गोष्ट अशी की बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणारी ऊर्जा घ्यायला तिच्यात जागा नसते. लिथियम बॅटरीचे नियंत्रण मंडल अशा वेळी चार्जिंग तोडू शकते आणि रोध कमी होतो किंवा जातो. चार्जिंगची जागा टेकडीच्या माथ्यावर असेल, तर सकाळची पहिली फेरी म्हणून जास्त सावधपणे करावी.

मग उरतात पायाचे ब्रेक. वर्गात विचारले तर बहुतेक जण ते चारही चाकांना असतील असे धरून चालतात. पुष्कळ गोल्फ कार्टना ड्रम ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात. गाडीखाली वाकून खात्री करा. ब्रेक दाबला की वजन पुढे सरकते आणि मागची चाके हलकी होतात, म्हणजे ज्या चाकांनी थांबवायचे त्यांचीच पकड कमी होते. आपल्या गाडीच्या दोन आसांतील अंतर १.७ मीटर, गुरुत्वमध्याची उंची ०.७ मीटर आणि स्थिर असताना मागच्या चाकांवरचा भार ५८ टक्के धरू. घर्षणगुणक ०.६ असेल, तर ताशी २० किलोमीटर वेगावरून सपाटीवर गाडी साडेपाच मीटरांत थांबते आणि आपल्या उतारावर सुमारे १० मीटरांत. इथवर ठीक आहे. आता पाऊस, चिखल किंवा ओला पालापाचोळा आणा आणि घर्षणगुणक ०.३ करा. जास्तीत जास्त ब्रेकबल १२०० न्यूटन मिळते, त्यातले ९७० उतारच खातो. थांबण्याचे अंतर चाळीस ते पन्नास मीटर होते. उतार ६ ला १ असेल तर गाडी रोखायलाच १२९० न्यूटन हवेत. मागची चाके लॉक होतात आणि गाडी घसरत राहते. शिवाय लॉक झालेली मागची चाके बाजूची पकडही सोडतात, त्यामुळे ती आडवी फिरू लागते.

म्हणजे ओल्या उतारावर वेग कमी करण्याची जागा माथ्यावर आहे, मध्यावर नाही. वेग निम्मा केला तर अंतर एक चतुर्थांश होते: ८ ला १ च्या त्याच चिखलात ताशी १० किलोमीटरवर १० ते १३ मीटर. चाक लॉक होऊन घसरू लागले तर पाय थोडा सैल करून ते पुन्हा फिरू द्यावे आणि मग हळू दाबावे. पाय झटकन दाबण्याची ऊर्मी आवरणे अवघड असते, म्हणून हा सराव रिकाम्या गाडीने, कोरड्या जागी आधी करून घ्यावा.

वळणावर गाडी उलटण्याआधी माणूस बाहेर पडतो. गुळगुळीत बाक आणि कपडे यांचा घर्षणगुणक ०.३ धरला, तर ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी १४ किलोमीटरलाच प्रवासी सरकू लागतो, आणि बाजूला दार नसते. गाडी स्वतः उलटायला सपाटीवर ताशी २० च्या आसपास वेग लागतो. रस्ता वळणाच्या बाहेरच्या बाजूला ७ अंश कलता असेल तर १७-१८ पुरतो. उताराला आडवे जाणे आणि उतारावर मध्येच वळून मागे फिरणे म्हणून टाळायचे.

गाडी उतारावर उभी करायची वेळ आली तर तोंड चढाकडे ठेवावे. पार्किंग ब्रेकही मागच्याच चाकांना लागतो आणि तोंड वर असताना भार मागे येतो. आपल्या गणितात ६ ला १ च्या त्याच चिखलात धरून ठेवणारे बल त्यामुळे १२०० वरून सुमारे १५४० न्यूटनपर्यंत जाते, आणि लागतात १२९०. तोंड खाली असलेली गाडी जिथे घसरेल, तिथे हीच गाडी उभी राहते. तरीही चाकामागे ठोकळा लावूनच उतरावे. ब्रेकची केबल सैल झालेली असेल तर हे गणित चालत नाही.