कंटेनरला पडवी

धान्याच्या व्यापारात माल योग्य भावाने घेणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो कोरडा राखणेही महत्त्वाचे, हे आमच्या व्यापारी बंधूंस निराळे सांगावयास नको. पक्की वखार बांधण्याचा खर्च झेपत नाही म्हणून हल्ली पुष्कळ ठिकाणी जहाजावरील जुने कंटेनर विकत घेऊन त्यांचा वखारीसारखा उपयोग करतात, व माल उतरविताना आडोसा हवा म्हणून त्यांस पत्र्याची पडवी जोडतात. बेळगावातील आमच्या आवारात आम्हीही अशी पडवी उभारली आहे. त्या कामात ध्यानी आलेल्या चार गोष्टी येथे नमूद करतो.

२६ एप्रिल १९५६ रोजी माल्कम मॅक्लीन यांच्या 'आयडियल एक्स' जहाजाने अशा ५८ पेट्या अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला नेल्या, आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. आजचा वीस फुटी कंटेनर ८ फूट रुंद व साडेआठ फूट उंच असून त्याचे रिकामे वजन सुमारे २२ क्विंटल असते. त्यावर अनेक भरलेल्या पेट्या रचता येतात खऱ्या. परंतु तो भार चार कोपऱ्यांचे खांब पेलतात. छताचा पत्रा जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा असतो. यास्तव पडवीची तुळई छतावर न टेकविता कोपऱ्यांच्या ओतीव ठोकळ्यांस व वरच्या काठाच्या पोलादी पट्टीस जोडावी. छतास भोके पाडू नयेत, आणि वेल्डिंगने जळालेल्या जागी जस्ताचा रंग तत्काळ द्यावा. अन्यथा तेथूनच गंज धरतो.

दुसरा प्रश्न उंचीचा. दहा फूट रुंदीच्या पडवीस सव्वा फूट उतार दिला, तर बाहेरील कड सव्वासात फुटांवर येते व भरलेला टेम्पो अडतो. कंटेनर दीड फूट उंच जोत्यावर बसविल्यास ती कड पावणेनऊ फुटांवर जाते, आणि खालून ओल लागण्याचे भयही टळते. आमच्या भागात पावसाळी वारा पश्चिम व नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून पडवी पूर्वेच्या अंगास घ्यावी.

तिसरी गोष्ट वाऱ्याची, व हिचीच उपेक्षा फार होते. ताशी १०० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला सुमारे ४७ किलो असतो. वीस फूट लांब व दहा फूट रुंद उघड्या पडवीखाली असा वारा शिरला, तर आठ क्विंटलांहून अधिक जोराने तो छप्पर वर उचलू पाहतो. आणि पत्र्यांचे वजन क्विंटलभरही भरत नाही! निम्मा ताण कंटेनर सोशील, उरलेला खांबांच्या पायावर येईल. दोन फूट लांब, रुंद व खोल अशा काँक्रीटच्या एका पायाचे वजन पाच क्विंटलांहून अधिक भरते. असे तीन पाये घालावेत व खांब त्यांत बोल्टांनी जखडावेत. उडालेला पत्रा खाली काम करणाऱ्या हमालाच्या जिवावर बेततो, याचा विसर पडू नये.

शेवटची गोष्ट आतील मालाची. कंटेनरच्या लाकडी तळास बहुधा कीटकनाशक पाजलेले असते. त्यावर धान्य सुटे ओतू नये. पोतीही लाकडी फळ्यांच्या घोडीवर, भिंतीपासून वीतभर दूर रचावीत, कारण रात्री गारठलेल्या पत्र्यावर आतून दव धरते.

दरवर्षी मृगापूर्वी बोल्ट आवळावेत, सांधे तपासावेत व पन्हळ साफ करावी. या कामास एक सकाळ पुरते. तेवढी दक्षता ज्याने घेतली, त्याची पोती कोरडी राहतील आणि त्याची माणसेही निर्धास्तपणे काम करतील.