घाटात गाडी का तापते? काटा, हीटर आणि एसी काय सांगतात



आजचा संदेश फवारणीचा नाही, गाडीचा आहे. गेल्या आठवड्यात आपल्या एका सभासदाची पिकअप आंबा भरून कोल्हापूरला निघाली होती. साखरपा सोडलं, आंबा घाट चढायला लागली आणि अर्ध्या घाटात बॉनेटमधून वाफ. ड्रायव्हरने घाईत रेडिएटरचं झाकण उघडलं. उकळतं पाणी उडून त्याचा हात कोपरापर्यंत भाजला. माल चार तास ताडपत्रीखाली भर उन्हात उभा. तयार होत आलेल्या फळाचं अशा वेळी काय होतं, ते मी तुम्हाला सांगायला नको.

मी कृषी पदविकावाला, मेकॅनिक नाही. पण त्या गाडीच्या दुरुस्तीला दोन दिवस गॅरेजमध्ये बसलो, मिस्त्रींना प्रश्न विचारून भंडावलं. त्यातलं तुमच्या उपयोगाचं इथे देतो.

पहिली गोष्ट झाकणाची. इंजिनातलं पाणी दाबाखाली असतं. झाकणावर 0.9 किंवा 1.1 असा आकडा असतो, तो दाबाचा. दाब असला की पाणी 100 अंशाला उकळत नाही, 115–120 पर्यंत टिकतं. तुम्ही झाकण फिरवलंत की दाब क्षणात जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून बाहेर येतं. कुकरची शिट्टी न काढता झाकण ओढावं, तसं. म्हणून *गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही.* वरचा जाड पाइप हाताला सोसेल इतका गार होऊ द्या. अर्धा-पाऊण तास जातो, जाऊ दे. तोपर्यंत कोणी भाजलंच असेल तर भाजलेल्या जागेवर वीस मिनिटं साधं गार पाणी सोडा आणि दवाखाना गाठा. टूथपेस्ट, हळद काही लावू नका.

आता मुख्य मुद्दा. गाडी नेमकी कधी तापते, त्यावरून बरंचसं निदान घरीच होतं.

उभी असताना, बाजारात रांगेत तापते आणि रस्त्याला लागली की काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. विजेचा पंखा असेल तर गाडी गरम झाल्यावर किंवा एसी लावल्यावर तो फिरतो का, बॉनेट उघडून लांबूनच बघा. पट्ट्यावरचा पंखा असेल तर इंजिन बंद करून, गार झाल्यावर हाताने फिरवा. थोडा जड लागला पाहिजे. सायकलच्या चाकासारखा मोकळा भिरभिरला तर त्याचा क्लच गेला.

उलट, उभी असताना ठीक, पण भरलेली गाडी चढाला लागली की तापते. आपल्याकडे ही तक्रार जास्त. यात पाणी कमी असेल, रेडिएटर आतून चोंदला असेल किंवा बाहेरून जाळी भरली असेल. एसीची जाळी रेडिएटरच्या पुढे असते आणि त्या दोघींच्या मधल्या फटीत गवताचं बी, माती, किडे अडकतात. समोरून बघितलं तर स्वच्छ दिसतं, पण मागे गोधडी झालेली असते. आपल्या त्या पिकअपमध्ये हेच निघालं. वरून पट्टाही सैल होता. जाळी धुताना इंजिनच्या बाजूने बाहेर पाणी मारा, तेही कमी जोराने. वॉशिंगच्या फवाऱ्याने पत्रे दुमडले की हवा कायमची बंद.

गळती कुठेच दिसत नाही आणि तरी बाटलीतलं पाणी दर आठवड्याला उतरतं? सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतो? ऑइलची पट्टी काढल्यावर ताकासारखा फेस दिसतो? मग हेडचं गॅस्केट. ही गाडी घाटात नेऊ नका, सरळ गॅरेजला.

आणि काटा वर येतच नाही, हीही तक्रारच आहे. अर्धा तास चालवूनही काटा तळाशी असेल तर थर्मोस्टॅट उघडा राहिलाय. डिझेल जास्त जातं आणि इंजिनची झीज वाढते. इथे एक भांडण मला करायचंच आहे. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी गार राहील’ असं आपल्याकडे बरेच जण सांगतात. ऐकू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आडवाट बंद करतो. तोच काढला तर गरम पाणी रेडिएटरला न जाताच परत इंजिनात फिरतं आणि गाडी उलट जास्त तापते. तपासायचा असेल तर काढून पातेल्यात पाणी घालून गॅसवर ठेवा. त्यावर 82 किंवा असाच आकडा कोरलेला असतो, त्याच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. नाही उघडला तर नवीन बसवा, जागा रिकामी ठेवू नका.

हीटर आणि एसी हे केबिनमधले दोन राखणदार आहेत, असं मी म्हणेन. हीटरची गरम हवा म्हणजे इंजिनच्याच पाण्याची उष्णता. म्हणून काटा वर सरकायला लागला तर एसी बंद करा, काचा खाली, हीटर आणि ब्लोअर पूर्ण वर. मे महिन्यात जीव जातो, कबूल. पण तेवढी उष्णता इंजिनातून बाहेर पडते आणि थांबायला नीट जागा मिळेपर्यंत गाडी तगते. गियर एक खाली घ्या, रेटत नेऊ नका.

आणि हीटर पूर्ण वर असूनही अचानक गार हवा आली, तर समजा पाणी संपलंय. अशा वेळी काटासुद्धा फसवतो. पाणीच नसलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली आलेला दिसू शकतो. ड्रायव्हर म्हणतो झाली गार, आणि पुढच्या वळणावर इंजिन जाम. गार हवा, वाफ किंवा काटा लालवर, यातलं काहीही झालं तर ताबडतोब बाजूला घेऊन इंजिन बंद. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेडला तडा जातो.

एसीचं थोडक्यात. बऱ्याच नव्या गाड्यांत इंजिन तापलं की एसी आपोआप बंद होतो. तेव्हा चढावर एसी गार करेनासा झाला तर ‘गॅस संपला’ म्हणण्याआधी काटा बघा. आणि एसीचा गॅस डिझेलसारखा खर्च होत नाही. दरवर्षी भरावा लागत असेल तर गळती आहे. ती शोधल्याशिवाय भरणं म्हणजे फुटक्या टाकीत पाणी.

पाण्याबद्दल शेवटचं. खाडीकाठच्या वाड्यांतून मचूळ विहिरीचं पाणी थेट रेडिएटरमध्ये जातं, हे मी डोळ्यांनी बघितलंय. जे पाणी आपण कलमांना घालायला कचरतो, ते ॲल्युमिनियमच्या रेडिएटरला कसं चालेल? मिठाने तो आतून खातो. कूलंट आणि बॅटरीचं पाणी निम्मं-निम्मं मिसळून भरा. डब्यावर ‘तयार मिश्रण’ लिहिलं असेल तर पाणी घालू नका. आधी कुठलं कूलंट आहे ते माहीत नसेल तर सगळं काढून, धुऊन एकच प्रकार भरा. घाटात नाइलाजाने साधं पाणी घातलं तर चालेल, पण परत आल्यावर बदला.

ज्यांच्या गाड्या या आठवड्यात घाट चढणार आहेत, त्यांनी निघायच्या दिवशी सकाळी, इंजिन गार असताना, बाटलीतली पातळी, पट्टा आणि मधली जाळी बघून घ्या. जमेल तर भरलेली गाडी रात्री काढा, आंब्यालाही बरं आणि इंजिनलाही. रविवारी सकाळी मिस्त्री संकलन केंद्रावर येणार आहेत. दाखवायची असेल तर गाडी आदल्या रात्रीच आणून लावा. गरम गाडीचं झाकण ते उघडणार नाहीत.