कॅनिस्टर फिल्टरला इनलाइन हीटर जोडताय? आधी सेन्सर कुठं आहे ते बघा

नारायणगडाला हीटर कशाला, असं कुणीही विचारेल. उन्हाळ्यात इथं पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा हीटरचा काहीच उपयोग नाही. पण डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बीड जिल्ह्यात चांगलाच गारठा पडतो आणि टाकीतलं पाणी दिवसा-रात्री वर-खाली होत राहतं. गोल्डफिशला त्याचं फारसं काही वाटत नाही. एंजल किंवा बेटाला मात्र 24 ते 28 अंश लागतात, आणि तापमान असं हलत राहिलं की अंगावर पांढरे ठिपके येण्याचा आजार डोकं वर काढतो.

साधा काचेचा हीटर टाकीत बुडवतात. इनलाइन हीटर टाकीबाहेर, फिल्टरच्या नळीत बसतो. त्यामुळे मोठा मासा धडकून काच फुटायची भीती नाही आणि टाकीत एक वस्तू कमी दिसते. तो बसवायचा फिल्टरमधून टाकीकडे परत जाणाऱ्या नळीवर. तिथं गाळलेलं पाणी येतं, कचरा अडकत नाही. उभाच बसवा, पाणी खालून वर जाऊ द्या. आडवा ठेवला तर आत हवा अडकते आणि कॉइल कोरडीच तापते.

किती वॅटचा घ्यायचा? ढोबळ हिशोब लिटरला 1 वॅट. माझ्या 100 लिटरच्या टाकीला 200 वॅटचा आहे. 20 अंशांचं पाणी 25 वर न्यायला त्याला जवळपास 3 तास लागतात, तेही काचेतून उष्णता अजिबात गेली नाही असं धरून.

आता खरी मेख. बहुतेक इनलाइन हीटरचा थर्मोस्टॅट नळीतलं पाणी मोजतो, टाकीतलं नाही. फिल्टर तासाला 600 लिटर फिरवत असेल तर 200 वॅटच्या हीटरमधून जाताना पाणी फक्त 0.3 अंशाने तापतं. म्हणजे दोन्हीकडचं तापमान सारखंच, काही अडचण नाही. पण इम्पेलर अडकला आणि प्रवाह थांबला, तर? हीटरच्या नळीत 200 मिली पाणी असेल तर ते मिनिटाला सुमारे 14 अंशांनी चढतं! थर्मोस्टॅट लगेच बंद होतो, त्याच्या दृष्टीने सगळं ठीक. इकडे टाकी गार पडत जाते. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, सर्व्हर पडलाय आणि डॅशबोर्ड हिरवा.

यावर लोक टाकीत प्रोब सोडून बाहेरचा कंट्रोलर लावतात. चांगलंच आहे, पण एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रवाह थांबला की टाकी गार होते आणि कंट्रोलर हीटरला चालूच ठेवतो. तेव्हा हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट हाच शेवटचा ब्रेक. तो कंट्रोलरपेक्षा 1-2 अंश वर ठेवा, शेवटच्या आकड्यावर फिरवून मोकळे होऊ नका.

लोडशेडिंगचं काय? फिल्टर 15-20 वॅटचा, तो इन्व्हर्टरवर आरामात चालतो. हीटर मात्र थेट मेनवर ठेवा, नाहीतर बॅटरी लवकर बोंबलेल. इन्व्हर्टर नसेल तर दोन्ही एकाच बोर्डवर, एकाच स्विचवर. नियम एकच: फिल्टर बंद असताना हीटर चालू नको. फिल्टर धुताना आधी हीटर बंद करायचा. लाइट आल्यावर परतीच्या नळीतून पाणी पडतंय का ते डोळ्यांनी बघा, कधी कधी हवा अडकून पंप नुसताच घुरघुरतो. आणि लाइट बरेच तास नव्हती तर फिल्टर तसाच सुरू करू नका. बंद डब्यातला ऑक्सिजन संपून आतले उपयोगी जिवाणू मेलेले असू शकतात, ते घाण पाणी थेट माशांवर जातं. डब्यातलं पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्याच पाण्यात खळबळून घ्या, मग चालू करा.

अर्थिंग तपासून घ्या आणि 30 मिलीअँपचा आरसीसीबी बसवाच. वायर प्लगच्या खाली झोळ देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही.

आपल्याकडे बोअरचं पाणी जड. कॉइलवर पांढरा थर चढतो, पाण्यात उष्णता नीट उतरत नाही. दोनेक महिन्यांनी हीटर काढून व्हिनेगरमध्ये भिजवा आणि स्वच्छ पाण्याने नीट धुऊन परत जोडा.