बाइकचं फेअरिंग खडखडतंय, बोल्ट निघत नाहीये? जोर लावण्याआधी हे वाचा

पावसाळा संपतो, पण रस्त्यावरचे खड्डे तसेच राहतात. अशातच फेअरिंगवाल्या बाइकला एक नवा आवाज चिकटतो. स्पीडब्रेकर आला की पुढून 'खडखड', ठरावीक वेग गाठला की बाजूने 'झर्रर्र'. गाडी उभी करून पॅनल हाताने दाबलं की कळतं, ते हलतंय.

मग घरातला पाना शोधला जातो. एक बोल्ट फिरत नाही, म्हणून आणखी जोर लावला जातो. बोल्टचं डोकं झिजतं, नाहीतर 'कट्' असा आवाज येऊन पॅनलचं लॉक तुटतं. बोल्ट काही रुपयांचा असतो, रंगवलेलं पॅनल मात्र हजारोंच्या घरात जातं. म्हणूनच हे काम ताकदीचं कमी आणि क्रमाचं जास्त आहे.

फेअरिंग नेमकं कशावर टिकतं?

फेअरिंग म्हणजे बाइकच्या पुढच्या भागाला आणि इंजिनाच्या बाजूंना असलेलं प्लास्टिकचं कवच. त्याचं मुख्य काम वारा कापणं. २००८ मध्ये यामाहाची आर१५ भारतात आली आणि कमी सीसीच्या गाड्यांमध्येही फुल फेअरिंगची क्रेझ वाढली.

ही पॅनल्स बहुतेक वेळा एबीएस किंवा पॉलिप्रॉपिलिन या प्लास्टिकची असतात. ती तीन गोष्टींवर टिकतात. एक, बोल्ट. दोन, पॅनलच्या मागे असलेली प्लास्टिकची लॉक. तीन, ही लॉक ज्यात बसतात ते रबरी ग्रोमेट. बोल्ट सगळ्यांना दिसतो, रबर कुणालाच दिसत नाही. खडखडीचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

पॅनल सैल का होतं?

इंजिनाची थरथर आणि खड्ड्यांचे धक्के यामुळे बोल्ट हळूहळू सैल होतात. उष्णतेने रबर कडक होतं, तडकतं आणि प्लास्टिक थेट धातूवर आपटायला लागतं. सर्व्हिसिंगमध्ये एखादा बोल्ट किंवा वॉशर परत लावायचा राहून जातो. गाडी उभ्याउभ्या पडली असेल तर आतला ब्रॅकेट वाकलेला असू शकतो.

म्हणून आधी इंजिन बंद करून तळहाताने प्रत्येक पॅनलवर हलकेच थापटावं. आवाज कुठून येतो ते लगेच कळतं. रबर गेलेलं असेल तर बोल्ट कितीही आवळला तरी आवाज थांबत नाही, उलट प्लास्टिकला तडा जातो.

बोल्ट अडकतो कसा?

लोखंड गंजलं की गंज मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापतो. बोल्टच्या आट्यांमध्ये ही जागा नसतेच, त्यामुळे बोल्ट आतल्या आत आवळला जातो. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियमच्या भागात असेल आणि मध्ये पाणी शिरलं, तर ॲल्युमिनियमही झिजतं आणि त्याची पांढरी पावडर आटे जाम करते. खारं पाणी ही क्रिया वाढवतं. म्हणून मुंबई, कोकण किंवा गोव्याच्या किनाऱ्यावर वापरल्या जाणाऱ्या गाड्यांना हा त्रास लवकर होतो.

आधी पाना बरोबर आहे का ते बघा

बोल्ट 'स्लिप' होण्याचं मोठं कारण म्हणजे चुकीचं हत्यार. ॲलन बोल्टच्या खाचेत चिखल साचलेला असतो, तो टोकदार तारेने काढावा. मगच ॲलन की पूर्ण आत बसते. फेअरिंगला सहसा ५ आणि ६ मिलिमीटर जाडीचे बोल्ट असतात. घुमटासारखं डोकं असेल तर त्यांना अनुक्रमे ३ आणि ४ मिलिमीटरची ॲलन की लागते.

अधिक चिन्हाच्या स्क्रूंमध्ये आणखी एक गोम आहे. जपानी बनावटीच्या अनेक गाड्यांवर जेआयएस या जपानी मानकाचे स्क्रू असतात. त्यांच्या डोक्यावर अनेकदा एक बारीक ठिपका असतो. साधा फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही आणि जोर लावताच वर उसळून खाच खातो. जेआयएस ड्रायव्हर वेगळा मिळतो.

न निघणारा बोल्ट: पायरी पायरीने

१. बोल्टवर गंज सोडवणारं पेनिट्रेटिंग ऑइल टाकून थांबावं. १५-२० मिनिटं तरी, जमलं तर रात्रभर. डब्ल्यूडी-४० घरोघरी असतं, पण त्याच्या नावाचा अर्थच 'पाणी हटवण्याचा ४० वा प्रयोग' असा आहे. हट्टी गंजासाठी खास पेनिट्रेटिंग ऑइल जास्त उपयोगी पडतं. प्लास्टिकवर सांडलेलं तेल लगेच पुसावं.

२. आधी किंचित घट्ट करण्याच्या दिशेने, मग सैल करण्याच्या दिशेने फिरवावं. या हलवाहलवीने गंजाची पकड सुटते.

३. स्क्रू धातूच्या भक्कम भागात असेल तर हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरता येतो. ठोका बसताच तो स्क्रूला दाबतो आणि फिरवतोही. मागे नुसतं प्लास्टिक असेल तर मात्र हा प्रयोग करू नये.

४. खाच थोडी झिजली असेल तर व्हॉल्व्ह ग्राइंडिंग पेस्टचा ठिपका लावून ड्रायव्हरची पकड वाढवता येते. डोकं वर आलेलं असेल तर व्हाइस ग्रिपने धरावं, किंवा हॅकसॉ ब्लेडने त्यावर आडवी खाच पाडून मोठा स्क्रू ड्रायव्हर लावावा.

५. शेवटचा उपाय ड्रिल. हे काम सवयीच्या हातानेच करावं.

गरम करून बोल्ट काढण्याचे व्हिडिओ भरपूर दिसतात. फेअरिंगवर ते टाळलेलंच बरं. एबीएस साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ पडतं, शेजारी पेट्रोलची टाकी असते आणि फवारलेलं तेलही पेट घेऊ शकतं.

बोल्ट फिरतोय, पण बाहेर येत नाही?

इथे गंज नसून मागचा नटच सोबत फिरत असतो. वायझरमागे रबरात बसवलेले नट असतात, त्यांच्या बाबतीत हे हमखास होतं. पॅनल हलकेच आपल्याकडे ओढून धरत बोल्ट फिरवावा किंवा मागून पक्कडीने नट पकडावा.

परत बसवताना

खोलण्याआधी फोटो काढावेत आणि पुठ्ठ्यावर पॅनलचं चित्र काढून प्रत्येक बोल्ट त्याच जागी टोचून ठेवावा. बोल्टांची लांबी सारखी नसते. आखूड बोल्टच्या जागी लांब बोल्ट गेला तर तो आत वायरिंगला किंवा रेडिएटरला लागू शकतो.

रबर बदलून त्याला साबणाचं पाणी लावावं, म्हणजे लॉक अलगद आत जातं. आधी सगळी लॉक बसवावीत. मग सगळे बोल्ट हातानेच दोन-तीन आटे फिरवावेत आणि पॅनल जागेवर आल्यावरच क्रमाने आवळावेत. एक बोल्ट आधीच पूर्ण आवळला तर बाकीची भोकं जुळत नाहीत आणि ओढाताणीत लॉक तुटतं. किती आवळायचं याचा आकडा गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. वॉशर टेकला की थोडंसंच पुढे, हा साधा अंदाज.

बोल्ट पुन्हा सैल होऊ नये म्हणून थ्रेडलॉकर लावायचा मोह होतो. पण तो एबीएससारख्या प्लास्टिकला लागला तर बारीक तडे जाऊ शकतात. धातूत धातू बसत असेल तिथे अँटी-सीझ ग्रीसचा ठिपका पुरतो. त्यामुळे बोल्ट पुढच्या वेळी सहज निघतो. फक्त ग्रीस लावलेला बोल्ट कमी जोरातच घट्ट होतो, हे ध्यानात ठेवावं.

निघण्याआधी एक मिनिट

हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून बघावं. वायर अडकत नाही ना, इंडिकेटर आणि हॉर्न चालतात ना, हे तपासावं. पुढचा ब्रेक धरून गाडी पुढून दाबावी. सस्पेन्शन खाली गेल्यावर पॅनल टायरला लागता कामा नये. सैल पॅनलचा खरा धोका आवाजाचा नाहीच. चालत्या गाडीत ते चाकात किंवा हँडलमध्ये अडकलं तर थेट जिवावर बेततं. शे-दोनशे किलोमीटर चालवल्यावर बोल्ट पुन्हा एकदा तपासावेत.

आणि अडकलेला बोल्ट ब्रेकचा, चाकाचा किंवा इंजिनाचा असेल तर घरचे प्रयोग थांबवून गाडी मेकॅनिककडे न्यावी. तेल फवारतानाही ब्रेक डिस्क आणि पॅड झाकून ठेवावेत. त्यावर तेल गेलं तर खडखड थांबेल, पण गाडी थांबणार नाही.